माजरी : खाण आणि गावकी

इतिहासाचे व्याख्यान ऐकावयास येणारा श्रोता बहुधा राजधानीची, गडाची किंवा तीर्थक्षेत्राची अपेक्षा मनात धरून येतो. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात अशा स्थळांना तोटा नाही. चंद्रपूरचा परकोट आहे, बल्लारपूरचा गोंड राजांचा किल्ला आहे, भद्रावतीस विजासनची बौद्ध लेणी आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर आहे. त्याच भद्रावती तालुक्यात, वर्धा नदीच्या पूर्वेकडील काळ्या जमिनीच्या पट्ट्यात माजरी नावाचे एक गाव आहे. तेथे गड नाही, लेणे नाही, आणि कोणत्या राजाने तेथे मुक्काम केल्याची कथाही नाही. दिल्लीहून मद्रासकडे जाणाऱ्या प्रवाशाला माजरी म्हणजे जंक्शनची पाटी आणि कोळशाने भरलेल्या वाघिणींची लांबलचक रांग, एवढेच दिसते व तेही गाडी थांबली तर.

असे असताना आम्ही बोलण्यासाठी हेच गाव का निवडले? राजाच्या गावाचा इतिहास राजा लिहवून घेतो. मजुराच्या गावाचा इतिहास कोणी लिहवून घेत नाही. तो हजेरीपत्रकांत, पगाराच्या चिठ्ठ्यांत, सातबाऱ्यांवरील फेरफारांत आणि अपघाताच्या पंचनाम्यांत विखुरलेला असतो. हे तुकडे जुळवू लागलो म्हणजे एकच प्रश्न पुनःपुन्हा समोर येऊन उभा राहतो : हे गाव कोणाचे? शेतकरी म्हणतो माझे, कारण माझी जमीन गेली. खाण कामगार म्हणतो माझे, कारण माझी उमर ह्या भुयारात गेली. कंपनी म्हणते, कागद पाहा. आणि नदी काही बोलत नाही. ती पावसाळ्यात येऊन आपला हक्क सांगून जाते. ह्या चौघांचा दावा ऐकून घेणे म्हणजेच माजरीचा इतिहास सांगणे होय.

प्रथम नदीकडे जाऊ, कारण वयाने तीच सर्वांत वडील. वर्धा सातपुड्यात मुलताईच्या परिसरात उगम पावते आणि नागपूर विभाग व वऱ्हाड ह्यांच्यामधून दक्षिणेकडे येते. पैनगंगा तिला मिळते, पुढे ती वैनगंगेला भेटते, आणि दोघींची मिळून प्राणहिता होऊन गोदावरीत जाते. भूगोलाच्या पुस्तकात एवढेच असते. परंतु ही नदी नुसती पाणी वाहणारी नदी नव्हती; ती राज्यांची मेर होती. १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. तेव्हापासून माजरीच्या बाजूचा शेतकरी भोसल्यांचा आणि पलीकडच्या वणीच्या बाजूचा शेतकरी निजामाचा, अशी वाटणी झाली. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांनी घेतला. त्याच वर्षी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि नागपूरचे राज्यही खालसा झाले. दोन्ही काठांवर इंग्रज आले, तरी मेर पुसली गेली नाही. ह्याचे कारण सारापद्धती.

वऱ्हाडच्या काठावर रयतवारी आली. तेथे शेतकऱ्याचा सरकारशी सरळ संबंध होता. आमच्या काठावर, म्हणजे मध्यप्रांतात, मालगुजारी आली. येथे इंग्रजांनी जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात पूर्वीच्या पाटलांना व मक्तेदारांना गावाचे मालक बनविले. जो काल वसुली करणारा होता तो आज मालक झाला. आणि जो काल कसणारा होता तो कूळ झाला. पाणी तेच, माती तीच, ज्वारी आणि कापूस तोच. पण एका काठावर शेताला नाव शेतकऱ्याचे आणि दुसऱ्या काठावर गावालाच मालक. माजरीच्या बाजूच्या गावांना लाभलेला हा पहिला मालक. ही मालगुजारी स्वातंत्र्यानंतर १९५०च्या कायद्याने नष्ट झाली आणि १९५१ साली त्याची अंमलबजावणी झाली. परंतु तोवर गावाला दुसरा मालक मिळून गेला होता. तो जमिनीच्या वर राहत नव्हता, त्याचे सारे लक्ष जमिनीच्या खाली होते.

त्या खालच्या संपत्तीचे नावही आमच्याच मुलखाने जगाला दिले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दलदलींतील झाडे गाडली जाऊन ज्या थरांत हा कोळसा झाला, त्या खडकांना भूगर्भशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात ‘गोंडवन’ हे नाव दिले. गोंडांच्या मुलखावरून ते घेतले. पुढे ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका येथेही तशाच जातीचे खडक व तीच वनस्पतींची चिन्हे सापडली, तेव्हा ह्या सर्व भूमी एकेकाळी जोडलेल्या होत्या असे अनुमान निघाले आणि त्या प्राचीन भूखंडालाही गोंडवनाचेच नाव मिळाले. ज्या गोंडाला आपल्या जंगलात लाकूड तोडावयास परवाना मागावा लागला, त्याचे नाव दक्षिण ध्रुवाच्या खडकापर्यंत पोहोचले. हा इतिहासाचा विनोद आम्हांस हसू आणीत नाही.

वर्धा खोऱ्यातील ह्या कोळशाचा शास्त्रीय अभ्यास भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ह्यूज ह्यांनी केला व त्यांचा ग्रंथ १८७७ साली प्रसिद्ध झाला. परंतु कोळसा शोधावयाची निकड का भासली, ते पाहण्यासाठी थोडे दूर, थेट अमेरिकेत जावे लागते. १८६१ ते १८६५ ह्या काळात तेथे यादवी युद्ध झाले, दक्षिणेकडील कापूस मँचेस्टरला पोहोचेना, आणि इंग्रज गिरणीवाल्यांची दृष्टी हिंगणघाट, वणी ह्या आमच्या कापसाच्या मुलखाकडे वळली. कापूस वाहून न्यावयाचा तर रेल्वे पाहिजे, आणि रेल्वे चालवावयाची तर कोळसा पाहिजे. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. त्यानंतरच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्यापर्यंत फाटा आला. त्या फाट्याच्या एका टोकाला कापूस होता आणि दुसऱ्या टोकाला वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण. म्हणजे अमेरिकेतील गुलामगिरीवरून पेटलेल्या लढाईची धग वर्धेच्या काठी भुयार होऊन पोहोचली.

वरोऱ्याची ही खाण १९०६ साली बंद झाली. येथील कोळशाचा एक स्वभाव आहे. हवा लागली की तो आतल्या आत तापतो आणि आपण होऊन पेटतो. बाहेरून कोणी काडी लावावी लागत नाही. खाण गेली, पण वरोरा गेले नाही. कारण वरोऱ्याला बाजार होता, कापूस होता, तालुक्याचे ठिकाण होते. पुढे महारोगी सेवा समितीच्या द्वारे बाबा आमटे ह्यांनी वरोऱ्याजवळच आनंदवन उभे केले आणि वरोऱ्याचे नाव देशभर झाले ते कोळशामुळे नव्हे. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. खाणीखेरीज दुसरे काही ज्या गावापाशी असते, ते गाव खाणीच्या मागे राहू शकते.

वरोऱ्याची खाण मिटली तशी रेल्वे आणि भांडवल ही दोन्ही दक्षिणेकडे सरकली. बल्लारपूर, घुग्घुस, लालपेठ आणि आमची माजरी ह्या खाणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नावारूपास आल्या. वरोऱ्याची रेल्वे बल्लारपूरपर्यंत लांबली, १९२०च्या दशकाच्या अखेरीस ती काझीपेठला जोडली गेली आणि उत्तर व दक्षिण हिंदुस्थानला सांधणारा हमरस्ता माजरीवरून गेला. माजरीहून वर्धा ओलांडून वणी-राजूरकडे फाटा निघाला. आज तो पिंपळखुटीमार्गे आदिलाबादकडे जातो. १८०३ साली ज्या नदीने दोन राज्ये तोडली, तिच्यावर पूल बांधून ती दोन्ही काठांची माणसे रेल्वेने जोडली. पण जोडली ती कोळसा व चुनखडी वाहण्यासाठी. माणसे मागाहून चढली.

आता त्या माणसांकडे वळू. खेड्यातला शेतकरी सुरुवातीला खाणीत उतरावयास राजी नव्हता. जमिनीखाली जाणे म्हणजे जिवंतपणी पुरले जाणे, असे त्याला वाटे आणि त्यात फारसे चुकीचे नव्हते. म्हणून माणसे दुरून आली. छत्तीसगडमधून आली, तेलंगणातून आली, उत्तरेकडून आली; आणि पाऊस दगा देऊ लागला तसा आसपासचा कुणबी, गोंड, महार, तेली हाही हळूहळू टोपीला दिवा लावून खाली उतरला. त्यामुळे माजरीसारख्या गावात एकाच चाळीत चार भाषा नांदू लागल्या. तेलुगू बाई मराठी शेजारणीशी हिंदीत भांडते, छत्तीसगडीत रडते असे नाही. पण भांडणाला हिंदी आणि सणाला आपापली भाषा, हा ह्या गावचा रिवाज पडला. पोळा, बतकम्मा, छठ आणि भीमजयंती एकाच मैदानावर आलटून पालटून होतात.

काम कसे होते? वर्धा खोऱ्यातील कोळशाचा थर जाड असतो. तो खणताना मधे कोळशाचेच चौकोनी खांब राखावयाचे आणि त्या खांबांच्या आधाराने छत तोलून धरावयाचे, ही जुनी पद्धत. त्याखेरीज लाकडी टेकू लागत. जंगलाचा जिल्हा असल्याने ते लाकूड जवळच मिळे. जुना कामगार लाकडाच्या टेकूवर लोखंडापेक्षा अधिक विश्वास ठेवी, कारण लाकूड मोडण्यापूर्वी कुरकुरते. लोखंड सांगत नाही. कोळसा सुरुंगाने फोडावयाचा, टोपल्यांनी टबात भरावयाचा आणि जितके टब तितकी मजुरी. टब अर्धा भरला असा शेरा मुनशीने मारला की घाम फुकट. राखलेले खांब परत काढावयाचे झाले तर पोकळी वाळूने भरावी लागे. ती वाळू नदीची. म्हणजे खाणीने नदीकाठच्या पोटातला कोळसा घेतला आणि त्या जागी नदीच्या अंगावरची वाळू भरली. ह्या वाळूभरणीसाठी उपकर घेऊन अर्थसाहाय्य देण्याची व्यवस्था १९५२ च्या कायद्यात होती, एवढे तिचे महत्त्व.

स्त्रियाही ह्या भुयारांत कामास होत्या. १९२९ पासून नियम करून त्यांना हळूहळू वर काढण्यात आले व १९३७ पर्यंत जमिनीखालचे त्यांचे काम बंद झाले. मग दुसरे महायुद्ध आले, कोळसा कमी पडला, आणि १९४३ साली ती बंदी उठवून बायांना पुन्हा खाली पाठविण्यात आले. १९४६ च्या आरंभी बंदी पुन्हा आली. देशाला गरज असते तेव्हा बाईचे नाजूकपण कोणाच्या लक्षात राहत नाही. गरज सरली की ते आठवते. त्या वर्षांत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. बंदी उठविण्यावरून त्यांच्यावर टीका झाली, हे खरे. परंतु त्यांनीच १९४३ च्या डिसेंबरात धनबादकडील खाणीत स्वतः उतरून काम पाहिले, आणि १९४४ च्या आरंभी कोळसा कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला, हेही तितकेच खरे. पुढे १९४७ चा कल्याणनिधीचा कायदा, १९४८ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आणि १९५२ चा खाण कायदा आले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरास धम्मदीक्षा दिली, तेव्हा ह्या कोळसापट्ट्यातील कित्येक घरांच्या लेखी ते केवळ धर्माचे नव्हे, हजेरीपत्रकाचेही नेते होते.

कायदा आला म्हणून संकट टळते असे नाही. आमच्या शेजारच्या छिंदवाडा भागात न्यूटन चिकली खाणीत १० डिसेंबर १९५४ रोजी पाणी घुसून ६३ कामगार मेले. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला येथे पाण्यानेच ३७५ माणसे घेतली. दोन्ही ठिकाणी वैरी एकच होता : भिंतीपलीकडे दबा धरून बसलेले पाणी. नदीकाठच्या खाणीत काम करणाऱ्याला ही नावे पाठ असावयास हवीत. कोळशाची एक भिंत किती जाडीची राखावयाची, हा प्रश्न हिशेबनिसाच्या लेखी दोन-चार वाघिणी कोळशाचा असतो. पाळीवर उतरलेल्याच्या लेखी तो घरी परतण्याचा असतो.

ह्या सर्व काळात खाण खाजगी मालकाची होती. १९७३ च्या जानेवारीअखेर सरकारने बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचे व्यवस्थापन हाती घेतले आणि १ मे १९७३ पासून त्या राष्ट्राच्या झाल्या. कामगार दिन हाच मुहूर्त धरला गेला. १९७५ साली कोल इंडिया स्थापन झाली, आणि नागपुरास मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आमचे खोरे आले. १ जानेवारी १९७५ पासून पहिला राष्ट्रीय वेतन करार लागू झाला. त्या मालिकेतला अकरावा करार २०२३ साली झाला. ज्या माणसाची मजुरी मुनशीच्या शेऱ्यावर ठरत होती, तिची किंमत देशपातळीवरच्या मेजावर ठरू लागली. हे परिवर्तन लहान नव्हे. कामगाराला पक्के घर मिळाले, दवाखाना मिळाला, मुलांना शाळा मिळाली, आणि म्हातारपणी हातात चार पैसे आले. ज्यांनी ते पूर्वीचे दिवस पाहिले नाहीत, त्यांनी राष्ट्रीयीकरणाला नावे ठेवण्यापूर्वी एकदा जुन्या कामगाराच्या घरी बसून ऐकावे.

परंतु प्रश्न तेथेच सुटला नाही. राष्ट्रीयीकरणानंतर खाणीची तऱ्हाच बदलली. भुयारांऐवजी उघड्या खाणी आल्या. उघडी खाण म्हणजे कोळशावरची सारी माती बाजूला काढावयाची, तिचे डोंगर रचावयाचे आणि तळाशी दिसणारा कोळसा यंत्राने उचलावयाचा. कामगाराच्या डोक्यावरचे छत गेले, हा लाभच. पण शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन गेली. भुयारी खाणीच्या वर ज्वारी उभी राहू शकत होती. उघड्या खाणीच्या वर काहीच नसते, कारण तिला ‘वर’ नसते. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र १९८०च्या दशकात सुरू झाले; आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्याला आणि तशा इतर केंद्रांना कोळसा हवा, म्हणून माजरी क्षेत्रात तेलवासा, ढोरवासा, कुनाडा, चारगाव, एकोणा ह्या नावांच्या खाणी उघडल्या. ही सारी नावे मुळात गावांची. पूर्वी त्या नावाला पाटील होता, पांढर होती, पोळ्याचे तोरण होते. आज ते नाव उच्चारले की ऐकणारा विचारतो, ‘उत्पादन किती?’

जमीन घेण्यासाठी १९५७ चा कोळसाक्षेत्र संपादनाचा कायदा आहे. त्यात सूचना निघते, हरकती घेता येतात, मोबदला मिळतो. पण ‘नाही’ म्हणण्याची सोय शेतकऱ्याला नाही. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी २०१५ पासून ह्या संपादनालाही लागू झाल्या, त्यामुळे रक्कम वाढली. कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा दंडक आहे. ज्याची जमीन दोन एकरांहून कमी, त्याने आपली तुकड्यातुकड्यांची जमीन दुसऱ्याशी जुळवून नोकरी एकाला व पैसा दुसऱ्याला अशी वाटणी करावी लागते. भावाभावांत वैर येते ते अशाच ठिकाणी. आणि ज्याची जमीनच नव्हती, जो त्या शेतावर मजुरी करीत होता, त्याच्यासाठी ह्या हिशेबात रकानाच नाही.

नदीचा दावा ह्यानंतर येतो. मातीचे डोंगर नदीनाल्यांच्या जवळ उभे राहिले म्हणजे पुराच्या पाण्याला पसरावयास पूर्वी होती ती जागा उरत नाही. २०२२ च्या जुलैत वर्धेला मोठे पूर आले; वरोरा, भद्रावती व पलीकडे वणी ह्या तालुक्यांतील शेते व वस्त्या पाण्यात गेल्या. पाऊस देवाचा, हे मान्य. पण पाण्याची वाट माणसाने अडविलेली असेल तर तिचा जाब देवाला विचारता येत नाही.

येथे आम्ही एका शब्दाकडे लक्ष वेधू इच्छितो. खाणीच्या वसाहतीला आपण ‘कॉलनी’ म्हणतो आणि कार्यालयीन कागदांत ‘टाऊनशिप’. हा शब्द ज्या देशात रुजला तेथे त्याचा अर्थ निराळा आहे. अमेरिकेने १७८५ साली आपल्या पश्चिमेकडील भूमीची मोजणी करण्याचा कायदा केला. त्यात सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनाला टाऊनशिप म्हटले. त्याचे ३६ भाग पाडले आणि सोळावा भाग शाळेसाठी राखून ठेवला. ही भूमी तेथील मूळच्या लोकांकडून हिरावून घेतलेली होती, हे विसरता येत नाही. परंतु ओहायोसारख्या राज्यांत त्या चौकोनातूनच पुढे ग्रामीण कारभाराचा घटक बनला. आजही तेथील रहिवासी आपले विश्वस्त मतदानाने निवडतात आणि रस्ते, स्मशानभूमी, आग विझविण्याची व्यवस्था पाहतात. म्हणजे तिकडे टाऊनशिप हा कारभार आहे. आपल्याकडे टाऊनशिप म्हणजे घरांची रांग. तेथे राहणारा मत देतो. येथे राहणारा निवृत्त झाला की किल्ली परत देतो.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, हे अमेरिकेतल्याच कोळशाच्या एका गावावरून दिसेल. वेस्ट व्हर्जिनियात टग फोर्क नावाच्या नदीकाठी मेटवान हे छोटेसे गाव आहे. आमच्या वर्धेप्रमाणे ती नदीही दोन राज्यांची हद्द आहे; पलीकडे केंटकी. आमच्याप्रमाणेच तेथे आधी रेल्वे आली व मग कोळसा. त्या डोंगरांतल्या शेतकऱ्यांनी जमिनीखालच्या कोळशाचे हक्क एकरी किरकोळ किमतीला आंगठा उठवून विकून टाकले होते. आमच्या शेतकऱ्याला तेही विकता आले नाहीत, कारण मध्यप्रांताच्या जमीनमहसूल कायद्याने खनिजाचा हक्क सरकारने आपल्याकडेच राखला होता. तिकडचा फसला, इकडच्याला फसण्याचीही संधी मिळाली नाही.

१९२० साली मेटवानच्या परिसरातील खाण कामगार युनियनचे सभासद झाले. घरे खाणीच्या मालकीची. तेव्हा जो युनियनमध्ये गेला त्याने घर सोडावे, असा हुकूम निघाला. १९ मे १९२० रोजी मालकांचे भाडोत्री बाल्डविन-फेल्ट्स हस्तक बंदुका घेऊन आले आणि बायकामुलांसह संसार रस्त्यावर काढू लागले. परंतु मेटवान हे गाव स्वतः कंपनीचे नव्हते. त्याला लोकांनी निवडलेला महापौर होता, केबेल टेस्टरमन. आणि गावाचा पोलीसप्रमुख होता, सिड हॅटफील्ड. ह्या दोघांनी त्या हस्तकांना अडवून विचारले, तुमच्यापाशी कोणत्या न्यायालयाचा हुकूम आहे? स्टेशनाजवळ गोळ्या झडल्या. सात हस्तक, दोन कामगार आणि खुद्द महापौर असे दहा जण मेले. पुढच्या वर्षी हॅटफील्डलाही न्यायालयाच्या पायऱ्यांवर गोळ्या घालण्यात आल्या. मग ब्लेअर पर्वतावरची हजारो कामगारांची लढाई झाली, आणि युनियन करण्याचा हक्क देशाच्या कायद्यात पक्का व्हावयास १९३५ साल उजाडले. १९७७ च्या पुरात टग फोर्कनेही मेटवानला बुडविले.

ही कथा आम्ही बंदुकीसाठी सांगितली नाही. कामगारांच्या घरातील भांडी रस्त्यावर पडत होती तेव्हा त्यांच्या बाजूने ‘हुकूम दाखवा’ असे म्हणणारा एक अधिकारी होता, आणि तो अधिकारी त्याला गावाने दिलेला होता, ह्यासाठी सांगितली. युनियन खाणीच्या दरवाज्यावर लढते. दरवाज्याबाहेर लढावयाचे तर गाव पाहिजे. म्हणजे घरे नव्हेत, गावकी पाहिजे.

माजरीपाशी ते काय आहे? जनगणनेच्या कागदावर माजरी हे नगर आहे. जनगणना ज्याला नगर म्हणते त्याची लोकसंख्या पाच हजारांवर असावी, कर्त्या पुरुषांपैकी तीन-चतुर्थांश शेतीबाहेरच्या कामात असावेत आणि वस्ती दाट असावी, असा नियम आहे. परंतु कारभार ग्रामपंचायतीचा आहे. १९५८ च्या कायद्याने चालणाऱ्या खेड्याचा. जनगणनेला शहर दिसते, कायद्याला खेडे दिसते, आणि कंपनीला कॉलनी दिसते. कॉलनीतल्या कित्येक माणसांना ग्रामसभा म्हणजे गावातल्या लोकांचे काम वाटते. गावातल्या लोकांना कॉलनीवाले म्हणजे आज आहेत उद्या जातील असे वाटते. आणि ठेकेदाराकडे बारा तास डंपर हाकणाऱ्या कंत्राटी पोराला ह्यापैकी कोणीच आपला मानीत नाही. गावकी अशी तीन ठिकाणी फाटलेली आहे, आणि फाटलेल्या कापडात धान्य भरता येत नाही.

हे शिवण्याची निकड आता आहे, कारण खाण कायमची नसते. एकेका खाणीचा कोळसा संपतो, यंत्रे पुढच्या गावाकडे सरकतात, आणि मागे राहतो तो पाण्याने भरलेला खड्डा. २००९ पासून प्रत्येक खाणीला बंद करण्याची योजना आधीच लिहून ठेवावी लागते व तिच्यासाठी पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणबाधित लोकांसाठी त्यात निधी जमा होतो. हे दोन्ही कागद ग्रामसभेच्या चावडीवर मोठ्याने वाचले गेले पाहिजेत. खड्डा भरणार की तळे होणार? मातीच्या डोंगरावर झाडे लागणार की तो दर पावसाळ्यात नाल्यात उतरणार? निवृत्त कामगार राहणार कोठे? शाळा व दवाखाना खाणीबरोबर जाणार की गावाकडे येणार? हे प्रश्न ज्याने आज विचारले नाहीत, त्याला उद्या उत्तर मिळणार नाही. कारण उत्तर देणारे कार्यालय तोवर दुसरीकडे गेलेले असेल.

माजरीच्या इतिहासात प्रथम मालगुजार मालक होता, मग खाणवाला मालक झाला, मग राष्ट्राच्या नावाने कंपनी मालक झाली. प्रत्येक पालट आधीच्यापेक्षा बरा होता, हे आम्ही प्रांजळपणे म्हणू. पण तिन्ही वेळा गावाला मालक बाहेरून मिळाला. वरोऱ्याने खाण गमावून गाव राखले. माजरीलाही ते करता येईल, मात्र कोळसा असतानाच ते काम हाती घेतले पाहिजे. ज्यांची जमीन गेली ते, ज्यांची उमर भुयारात गेली ते, आणि जे आज कंत्राटावर डंपर हाकीत आहेत ते, एका चावडीवर बसले तर ह्या गावाला चौथा मालक शोधावा लागणार नाही. तो तेथे बसलेलाच असेल.